चाच्यांच्या मल्टिप्लेअर गेममध्ये उथळ पाणी: खोलीचा तक्ता, भरती-ओहोटी आणि रुतलेलं जहाज

प्रश्न असा आहे. युनिटीमध्ये (गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) केलेला चाच्यांचा मल्टिप्लेअर गेम, काळ 1715 ते 1720, नकाशा बहामा बेटांच्या धर्तीवरचा, एका सर्व्हरवर 12 जहाजं. वाळूचे दांडे आणि पोवळ्याचे खडक टाकल्यापासून तीन तक्रारी येताहेत. मोठं जहाज दांड्यावर चढलं की थरथरतं आणि कधीकधी सरळ हवेत उडतं. छोट्या स्लूप (एका डोलकाठीची जहाजं) लगूनमध्ये, म्हणजे खडकांआडच्या उथळ पाण्यात, शिरून बसतात आणि तिथून त्यांना कुणी हलवू शकत नाही. आणि रुतलेला प्रत्येक खेळाडू म्हणतो, "दिसलंच नाही."

तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. गेममध्ये खोली चार ठिकाणी चार तऱ्हांनी मोजली जाते: फिजिक्ससाठी टेरेनचा कोलायडर (जमिनीचा टक्कर ओळखणारा पृष्ठभाग), पाण्याच्या रंगासाठी कॅमेऱ्याचं डेप्थ टेक्श्चर (कॅमेऱ्यापासूनच्या अंतरांचं चित्र), संगणक चालवतो त्या बॉट जहाजांसाठी नॅव्हमेश (कुठून जाता येतं याचं जाळं) आणि खेळाडूच्या नकाशावर कुणीतरी हाताने रंगवलेलं चित्र. या चौघांचं आपसात जमत नाही, आणि त्याचा भुर्दंड खेळाडूला बसतो. म्हणून जहाजाला हात लावण्याआधी खोलीचा एकच तक्ता तयार करा आणि बाकी सगळं त्याच्यावरून काढा.

तक्ता साधा असतो. सुमारे 4 किलोमीटर बाय 4 किलोमीटरचा (नेमकं 4096 मीटरचा) नकाशा आणि 2 मीटरचं एक घर धरलं, तर 2048 बाय 2048, म्हणजे सुमारे 42 लाख घरं होतात. प्रत्येक घरात 16 बिटांचा पूर्णांक, एकक सेंटिमीटर. एकूण 8 एमबी. खोली मोजायची ती सर्वांत खालच्या ओहोटीच्या पातळीपासून. खरे सागरी नकाशेही तेच करतात, कारण मग भरतीचं पाणी नेहमी वरून मिळालेला फायदाच ठरतो. दशांश न ठेवता पूर्णांक ठेवायचा, म्हणजे सर्व्हर आणि क्लायंट (खेळाडूच्या संगणकावरचा गेम) दोघांच्या हातात बाइटला बाइट तोच आकडा राहतो. शेजारी 1 बाइटचा दुसरा तक्ता तळाच्या जातीचा: वाळू, चिखल, पोवळं, खडक.

मग प्रत्येक जहाजासाठी एकच आकडा सतत काढत राहायचा, कीलखालचं, म्हणजे बुडाच्या मधल्या कण्याखालचं, पाणी. तक्त्यातली खोली अधिक भरतीची उंची, वजा जहाजाचा ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती खोल बुडतं ते), वजा वेगामुळे खाली बसलेलं बूड. यातला शेवटचा भाग बहुतेक जण सोडून देतात, पण गेमसाठी तो फार कामाचा आहे. उथळ पाण्यातून वेगाने जाणारं जहाज खरोखरच थोडं खाली बसतं. व्यापारी जहाजांसाठी बॅरस यांचं सोपं सूत्र आहे: बुडाचा भरीवपणा दाखवणारा ब्लॉक गुणांक, गुणिले नॉटमधल्या वेगाचा वर्ग, भागिले 100, उत्तर मीटरमध्ये. गुणांक 0.45 धरला तर 8 नॉटला 29 सेंटिमीटर आणि 4 नॉटला 7 सेंटिमीटर. म्हणजे शिडं आवरून वेग निम्मा केला की 22 सेंटिमीटर पाणी हातात येतं. सावध माणसाला बक्षीस देणारा नियम आयता मिळतोय, तर घ्यावा.

ड्राफ्टच्या तीन पायऱ्या पुरतात. स्लूप 2 मीटर, दोन डोलकाठ्यांचं ब्रिगँटिन 3, तीन डोलकाठ्यांचं शिप साडेचार. याहून बारीक फरक खेळाडूच्या लक्षात राहत नाहीत.

आता उडणारं जहाज. युनिटीत रिजिडबॉडीला (फिजिक्सने हलणाऱ्या वस्तूला, इथे जहाजाला) टेरेन कोलायडरवर आदळू दिलं की दोन यंत्रणा भांडू लागतात. तरंगण्याचं बळ जहाजाला वर ढकलत असतं, लाट खाली आपटते, आणि सॉल्व्हर (टक्करींचा हिशेब करणारा भाग) प्रत्येक टिकला, म्हणजे हिशेबाच्या प्रत्येक फेरीला, "बूड जमिनीत शिरलंय" म्हणून ते एका झटक्यात बाहेर काढतो. लाटेच्या पोटात बूड 40 सेंटिमीटर आत गेलं असेल तर बाहेर काढताना जो वेग लागतो तोच जहाजाला उडवतो. त्यामुळे जहाज आणि समुद्रतळ यांची टक्कर कोलिजन मॅट्रिक्समध्ये (कोण कुणाला आदळू शकतं त्या तक्त्यात) बंद करा आणि तळाचा आधार स्प्रिंगने द्या.

ब्रिगँटिनचं उदाहरण आकड्यांत घेऊ. लांबी 25 मीटर, रुंदी 7, ड्राफ्ट 3, वजन सुमारे 240 टन. कीलच्या रेषेवर 6 बिंदू आणि दोन्ही कुशींना प्रत्येकी 3. कुशींचे बिंदू टाळू नका, कारण जहाज कललं की सर्वांत खोल भाग कील राहीलच असं नाही. पसरट पोटाच्या जुन्या जहाजात खालच्या बाजूची कूस आधी टेकते. प्रत्येक बिंदूची उंची तक्त्यातल्या तळाशी ताडायची. बिंदू खाली गेला असेल तर जितका आत तितकं वर ढकलणारं बळ. स्प्रिंग दर बिंदूला 13 लाख न्यूटन प्रति मीटर आणि डॅम्पिंग (हेलकावे शमवणारा विरोध) अडीच लाख न्यूटन-सेकंद प्रति मीटर. कीलचे सहाही बिंदू टेकले तर एकूण स्प्रिंग पाण्याच्या आधारापेक्षा साडेपाच पट कडक होते, म्हणजे जहाज तळात रुतल्यासारखं न दिसता टेकल्यासारखं दिसतं. डॅम्पिंग क्रिटिकलच्या (ज्याला हेलकावे अजिबात उरत नाहीत त्या पातळीच्या) निम्म्यावर आहे, त्यामुळे एकदोन हेलकावे दिसतात आणि थरथर होत नाही. सर्व्हर 20 हर्ट्झला चालत असला तरी हे आकडे स्थिर राहतात. स्प्रिंग दहापट कडक केलीत तर डॅम्पिंगही वाढवावं लागतं आणि 20 हर्ट्झला पुन्हा थरथर सुरू होते, तेव्हा मोह आवरा.

घर्षणाचे गुणांक वाळूला 0.4, चिखलाला 0.25, पोवळ्याला 0.7 असे ठेवून सुरुवात करा. वेग शून्याजवळ आला की घर्षणाची दिशा दर टिकला उलटसुलट होते आणि जहाज जागच्या जागी गुरगुरतं. त्यावर उपाय सोपा: सेकंदाला 0.2 मीटरपेक्षा कमी वेगाला घर्षण वेगाच्या प्रमाणात उतरवा.

तळावर किती वजन टेकलंय हा आकडा या सगळ्या प्रकरणाचा कणा आहे. पाण्याच्या पातळीवर ब्रिगँटिनने व्यापलेलं क्षेत्रफळ 25 गुणिले 7 गुणिले 0.8, म्हणजे 140 चौरस मीटर. खाऱ्या पाण्यात एक सेंटिमीटर बुडायला किंवा वर यायला 1.4 टन लागतात. जहाजाला हवं त्यापेक्षा पाणी 10 सेंटिमीटरने कमी असेल तर 14 टन वजन तळावर आलं. त्याचं घर्षण 0.4 ने सुमारे 55 किलोन्यूटन. शिडं उलटी धरून मिळालेलं बळ 30 किलोन्यूटन आणि खोल पाण्यात टाकलेल्या नांगराच्या दोरावर चार खेळाडूंनी मिळून ओढलेलं 80 किलोन्यूटन धरलं, तर एकूण 110. म्हणजे 10 सेंटिमीटरला जहाज सुटतं, 20 सेंटिमीटरला जेमतेम सुटतं आणि त्यापुढे नाही.

याच हिशेबात एक गंमत दडली आहे. तोफा समुद्रात फेकून जहाज हलकं करायचं दृश्य सगळ्यांना आवडतं, पण गाड्यासकट एक टनाची तोफ फेकली तर जहाज फक्त 7 मिलिमीटर वर येतं. दहा तोफा फेकल्या तर 7 सेंटिमीटर. खेळाडूला एवढ्यासाठी दहा तोफा गमवायला लावणं क्रूरपणा होईल. इथे वास्तवाला तिप्पट करा, म्हणजे एका तोफेला दोन सेंटिमीटर, आणि तोफांपेक्षा पाण्याची पिंपं नि तळातले भाराचे दगड आधी फेकायची सोय द्या. अमेरिकेच्या किनाऱ्यावरच्या ओक्राकोकला 22 नोव्हेंबर 1718 च्या चकमकीत ब्रिटिश नौदलाच्या लेफ्टनंट मेनार्डने हेच केलं. ब्लॅकबिअर्ड या चाच्याच्या मागावर असलेल्या नौदलाच्या मोठ्या जहाजांना त्या खाडीत शिरता येणार नव्हतं, म्हणून दोन स्लूप भाड्याने घेतल्या. त्याही रुतल्या आणि भार व पाणी टाकून मोकळ्या कराव्या लागल्या. ब्लॅकबिअर्डचं स्वतःचं मोठं जहाज त्याच वर्षी जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या टॉपसेल इनलेटच्या मुखाशी दांड्यावर चढून कायमचं गेलं होतं. मिशन लिहिणाऱ्याला याहून चांगला कच्चा माल मिळणार नाही.

भरती-ओहोटी किती ठेवायची हे याच आकड्यांवरून ठरतं, दिसायला किती छान यावरून नव्हे. बऱ्याच गेममध्ये "फरक डोळ्यांना दिसला पाहिजे" म्हणून 2 मीटरची भरती ठेवतात. समजा पूर्ण चक्र 24 मिनिटांचं आहे, म्हणजे भरतीपासून ओहोटीपर्यंत 12 मिनिटं. बाराव्याच्या नियमाप्रमाणे पाणी पहिल्या सहाव्या हिश्शात एकूण फरकाच्या 1/12 उतरतं, मग 2/12, 3/12, 3/12, 2/12, 1/12. मधल्या वेळेत 2 मीटरच्या भरतीत दर दोन मिनिटांना 50 सेंटिमीटर जातात, मिनिटाला 25. उतरत्या पाण्यात ब्रिगँटिन 5 सेंटिमीटरने टेकलं तर 20 सेंटिमीटरची मर्यादा गाठायला उरली 36 सेकंद. होडी उतरवून नांगर खोल पाण्यात टाकून यायलाच 40 सेकंद लागतात. म्हणजे टेकलं की मेलं. तीच भरती 80 सेंटिमीटरची केली की मिनिटाला 10 सेंटिमीटर उतरतं आणि दीड मिनिट मिळतं. त्यात चार जणांची टोळी धावपळ करून सुटू शकते, आळशी टोळी अडकते. बहामातल्या नासाऊच्या बंदरातली सर्वसाधारण भरतीही साधारण तेवढीच आहे, त्यामुळे इथे वास्तवाशी तडजोड करावी लागत नाही.

भरती नेटवर्कवरून पाठवू नका. सर्व्हरच्या घड्याळावरून कोसाइनने काढलेली ती पातळी आहे. क्लायंटला वेळ माहीत असली की झालं. किनाऱ्यावर ओल्या वाळूची रेघ आणि धक्क्याच्या खांबांवर शेवाळाचा पट्टा मात्र दाखवा, कारण पाणी चढतंय की उतरतंय हे खेळाडूने बघून ओळखायचं आहे, मीटर बघून नाही.

आता "दिसलंच नाही." इथे एक नियम कडक पाळायचा: कुठलाही उथळ भाग इशाऱ्याशिवाय नसावा, आणि कुठल्या तळाला कुठला इशारा हे संपूर्ण नकाशात तेच असावं.

पोवळं आणि खडक रंगाने कळतात. बहामात आजही नाविक पाणी वाचत जातात: गर्द निळं म्हणजे खोल, फिरोजी म्हणजे वाळूवरचं उथळ, फिकट पिवळट-पांढरं म्हणजे अगदीच कमी, तपकिरी डाग म्हणजे पोवळं. त्यात फसवणारा एक प्रकार आहे, समुद्री गवताचा काळसर पट्टा. तो खोलही वाटतो आणि खडकही. तो नकाशात जरूर ठेवा. शेडर (रंग ठरवणारा कोड) लिहिताना होणारी नेहमीची चूक म्हणजे रंग कॅमेऱ्याच्या डेप्थ टेक्श्चरवरून काढणं. त्यात मोजलं जातं ते नजरेच्या तिरक्या रेषेवरचं पाणी. डेकवरून तिरकं पाहिलं की दीड मीटरचा दांडाही दहा मीटर खोल असल्यासारखा निळा दिसतो. रंगासाठी खोलीच्या तक्त्याचंच टेक्श्चर वापरा, उभी खोली. शिवाय टेरेनच्या पिक्सेल एरर या सेटिंगमुळे दूरचा तळ ढोबळ होतो आणि बारीक खडक गायब होतात. तक्त्यावरून रंग काढला की तोही प्रश्न मिटतो. ग्राफिक्स कमीत कमी ठेवणाऱ्या खेळाडूलाही हेच रंग दिसले पाहिजेत. नाहीतर एकाला पाणी आरपार दिसतं आणि दुसऱ्याला निळी चादर. हिरवा-तपकिरी फरक न ओळखणाऱ्यांसाठी पोवळ्यावर ठिपक्यांचा पोत द्या.

चकाकी मात्र खरी ठेवा, कारण तिच्यामुळे डोलकाठीवर चढणाऱ्या माणसाला काम मिळतं. 60 मीटर पुढचं पाणी डेकवरून, म्हणजे 4 मीटर उंचीवरून पाहिलं, तर श्लिकच्या (तिरक्या नजरेला किती परावर्तन होतं ते सांगणाऱ्या) सूत्राने सुमारे 70 टक्के परावर्तन येतं. दिसतं ते आकाशच. 20 मीटर उंच डोलकाठीवरून तेच पाणी पाहिलं तर परावर्तन 17 टक्क्यांवर येतं आणि तळ दिसतो. सूर्य समोर आणि खाली असेल तर वरूनही काही दिसत नाही, म्हणून सकाळी पूर्वेकडे तोंड करून खडकांत शिरणारा कप्तान मूर्ख ठरतो. यासाठी वेगळा कोड लागत नाही, शेडर आपोआप करतं. फक्त आर्टिस्टने "पाणी सुंदर दिसावं" म्हणून ते परावर्तन दाबलेलं नाही ना, हे तपासा.

लाटा हा दुसरा इशारा. लाटेची उंची खोलीच्या साधारण 0.78 पट झाली की ती फुटते. एक मीटरची लाट 1.3 मीटर खोलीवर फुटेल. सर्व्हर आणि क्लायंट दोन्हीकडे लाटेची उंची त्या मर्यादेत कापा आणि कापलेल्या जागी फेस दाखवा. दांड्याच्या कडेवर पांढरी रेघ आपोआप उमटते, आणि खडकांच्या मागचं लगून आपोआप शांत राहतं. वारा पडलेला असताना ही रेघ नसते, आणि तसंच असावं.

गढूळ पाण्यातला वाळूचा तळ रंगाने कळत नाही, आणि वारा पडला की फेसानेही नाही. तिथे शिशाचा गोळा. दोरीवर 3 ते 6 किलोचा शिशाचा गोळा, दोरीला वावांच्या खुणा: 2 वावांवर दोन चामडी पट्ट्या, 3 वर तीन, 5 वर पांढरं कापड, 7 वर तांबडं, 10 वर भोक पाडलेलं चामडं. वेगवेगळं कापड आणि चामडं यासाठी, की अंधारात हाताला कळावं. एक वाव म्हणजे सहा फूट, 1.83 मीटर. गोळ्याच्या बुडाला खळगा असतो, त्यात चरबी भरतात, आणि तळाची वाळू किंवा शिंपलं तिला चिकटून वर येतं. हे सगळं गेममध्ये जसंच्या तसं घ्या. तळाची जात कळली की नांगर धरेल की नाही आणि रुतलो तर किती घट्ट, हे कळतं. तुमच्या ड्राफ्टांना महत्त्वाचा पट्टा सव्वा ते तीन वावांचा आहे आणि दोरीवर तिथे दोनच खुणा आहेत, म्हणून हाकारा पाव हिश्श्यात हवा: "अडीच वाव!", "पावणेतीन!", "सव्वादोन!" मराठी आवाज नोंदवणार असाल तर हे शब्द आयते आहेत आणि गडबडीत ऐकायलाही स्पष्ट. हा हाकारा 60 मीटरवरच्या शत्रूलाही ऐकू जाऊ द्या. धुक्यात दोन्ही जहाजांची मजा वाढते.

गोळा टाकायला 5 सेकंद ठेवा आणि 4 नॉटच्या वर तो फेकता येऊ नये. 4 नॉटला जहाज 5 सेकंदांत 10 मीटर पुढे जातं. आता लेव्हल डिझाइनचा खरा हिशेब बघा. ब्रिगँटिनच्या गोळ्याने साडेचार मीटर दाखवले, म्हणजे दीड मीटर शिल्लक. तळाचा चढ 1:20 असेल तर टेकायला 30 मीटर उरले, 1:50 असेल तर 75. 4 नॉटवरून थांबायला तुमचं जहाज 50 मीटर घेत असेल, तर 1:20 चा वाळूचा दांडा गोळ्याने कधीच वाचवता येणार नाही. तो खेळाडूशी केलेला दगा आहे. वाळूचा चढ 1:40 पेक्षा सौम्य ठेवा. उभे चढ फक्त पोवळ्याला, कारण ते डोळ्यांना दिसतं. टेरेन रंगवणाऱ्याला हा एक नियम भिंतीवर लिहून द्या, निम्म्या तक्रारी तिथेच थांबतात.

चौथा इशारा हाताला कळणारा. खोली ड्राफ्टच्या दीडपटीपेक्षा कमी झाली की पाण्याचा अडथळा वाढवत न्या, 1.1 पटीला तो दुप्पट होऊ दे, आणि वळण्याचा वेग 30 टक्क्यांनी कमी करा. खऱ्या जहाजांचंही उथळ पाण्यात असंच होतं, वळणाचा घेर वाढतो. सुकाणूवरच्या माणसाला जहाज जड झालेलं जाणवतं, मागच्या फेसात गाळ दिसू लागतो. नवखे खेळाडू आठवड्याभरात हे शिकतात, त्यांना सांगावं लागत नाही.

नकाशाबद्दल थोडंच. कोपऱ्यातल्या मिनीमॅपवर जिवंत खोली दाखवलीत तर वरचं सगळं वाया. कागदाचा चार्ट द्या, त्यावर तुरळक आकडे, आणि ते ओहोटीच्या पातळीचे. दांडे सत्रागणिक हलवायचे असतील तर दर जागी तीनचार तयार आकार बनवून ठेवा आणि सर्व्हर कुठला आकार वापरतोय तो क्रमांक पाठवा, जागेमागे 2 बिट. पूर्ण रँडम दांडे कधीतरी बंदराचं तोंडच बुजवतात.

लगूनमध्ये लपणाऱ्या स्लूपचा प्रश्न ड्राफ्ट बदलून सुटत नाही. उथळ पाणी हा छोट्या जहाजाचा हक्काचा बचाव आहे; नासाऊ चाच्यांचा अड्डा झालं त्यात मोठ्या युद्धनौकांना आत येणं अवघड होतं याचा मोठा वाटा होता. बचाव राहू दे, फुकटचा नको. तीन गोष्टी करा. लगूनच्या एका तोंडाची खोली ओहोटीला स्लूपलाही अपुरी पडेल अशी ठेवा: चार्टवर 1.7 मीटर, म्हणजे 80 सेंटिमीटरच्या भरतीत अर्ध्याहून अधिक वेळ वाट उघडी आणि बाकी वेळ बंद. आत गेलेल्याला घड्याळावर लक्ष ठेवावं लागतं. दुसरं, शिपच्या लांब पल्ल्याच्या तोफा लगूनच्या मध्यापर्यंत पोचू द्या; त्यासाठी लगूनची रुंदी त्या पल्ल्याच्या दीडपटीपेक्षा जास्त नको. तिसरं, मोठ्या जहाजाला वल्ह्यांची होडी द्या. सहा माणसं रात्री होडीतून लगूनमध्ये गेली की लपलेल्याची झोप उडते, आणि रिकाम्या शिपवर मागे कोण राहणार हाही प्रश्न उभा राहतो.

रुतलेलं जहाज म्हणजे बसलेलं सावज, म्हणून वेळेला मर्यादा हवी. चौघांची टोळी असेल तर नांगर टाकून ओढायला साधारण 60 सेकंद, एकटा असेल तर 120. एकट्याला ओढण्याचं बळ कमी असतं, तेव्हा त्याच्यासाठी नांगराच्या चरकाला दात द्या: तो थांबला तरी दोर मागे सरकत नाही. चार मिनिटांनंतरही सुटत नसेल तर माल सोडून जहाज टाकून देण्याचा पर्याय दिसू दे. टोळीतलाच एखादा मुद्दाम जहाज दांड्यावर घालतो, हेही होणारच. सुकाणूवरच्या माणसाला बाकीच्यांनी मतदानाने हटवण्याची सोय उथळ पाण्यात 5 सेकंदांत पूर्ण झाली पाहिजे, 30 सेकंदांत नव्हे.

नुकसान ऊर्जेवर मोजा. 240 टनांचं जहाज 3 नॉटला आदळलं तर सुमारे 285 किलोज्यूल, 6 नॉटला चौपट. वाळूवर 4 नॉटपर्यंत काहीच नुकसान नको. पोवळ्यावर 300 किलोज्यूलला पहिलं भोक आणि पुढे प्रत्येक 400 ला एक. जहाज थांबवताना मंदन 2 मीटर प्रति सेकंद वर्गाच्या वर जाऊ देऊ नका. त्याहून जास्त झालं की डेकवरचे खेळाडू जहाजाच्या आतून आरपार जाऊन समुद्रात पडतात, कारण त्यांची स्थिती जहाजाच्या सापेक्ष असली तरी दुरुस्ती एक टिक उशिरा पोचते.

नेटवर्कमध्ये तीन अवस्था ठेवा: तरंगतंय, घासतंय, रुतलंय. घासण्याचा आवाज आणि कॅमेऱ्याचा हादरा क्लायंटने स्वतःच्या तक्त्यावरून लगेच द्यावा. त्यात चूक झाली तरी बिघडत नाही. "रुतलंय" मात्र फक्त सर्व्हर ठरवेल. तळावरचं वजन एकूण वजनाच्या 5 टक्क्यांहून जास्त आणि वेग 0.3 मीटर प्रति सेकंदाखाली, असं सलग दोन सेकंद राहिलं तर रुतलं. सुटायची अट वेगळी: वजन 2 टक्क्यांखाली, एक सेकंदभर. दोन्ही अटी एकच ठेवल्या तर प्रत्येक लाटेबरोबर अवस्था बदलते आणि "जहाज रुतलं!" अशी पाटी लुकलुकत राहते. फिजिक्स क्षणाक्षणाच्या लाटेवर चालू द्या, पण अवस्था दीड सेकंदाच्या सरासरीवर ठरवा. क्लायंटचा अंदाज चुकला तर जहाज मागे खेचू नका. 250 मिलिसेकंदांत हळूहळू सरकवा. रुतलेल्या जहाजावर झटका लगेच दिसतो, वाहत्या जहाजावर दिसत नाही.

पुढे कधी कोकणाचा नकाशा करायचा विचार असेल तर भरतीचा आकडा तसाच नेऊ नका. मुंबईच्या उधाणाला पाण्याचा फरक 4 मीटरच्या वर जातो. गेमसाठी तो दीड-दोन मीटरवर आणला तरी चक्र 24 मिनिटांऐवजी 50 मिनिटांचं करावं लागेल, नाहीतर वरचा 36 सेकंदांचा प्रकार होतो. तिथे उथळ पाण्याची बाजू मात्र जबरदस्त आहे. आंग्र्यांची गुराबं रुंद आणि कमी पाण्यात चालणारी, गलबतं क्वचितच 70 टनांच्या वर आणि चाळीस-पन्नास वल्ह्यांची. वारा पडला की वल्ह्यांवर येऊन अडकलेल्या मोठ्या जहाजाच्या पिछाडीवर मारा करायचा, आणि पाठलाग झाला की खाडीत शिरायचं. गेमला यातून आयता डाव मिळतो. फक्त कान्होजी आंग्र्यांना चाच्यांच्या यादीत टाकू नका. इंग्रजांनी त्यांना चाचा म्हटलं. ते मराठ्यांचे सरखेल (आरमारप्रमुख) होते आणि दस्तक (ये-जा करायचा परवाना) न घेणाऱ्या जहाजांवर कारवाई करत होते. हा फरक मिशनच्या नियमांत आणता येतो: दस्तक असलेल्या जहाजाला हात लावला तर दंड.

बॉट जहाजांसाठी तिन्ही ड्राफ्टांचे तीन वेगळे मार्गनकाशे ओहोटीच्या पातळीवर बेक करा (आधीच काढून ठेवा), 4 मीटरच्या घरांवर, आणि ए-स्टारमध्ये (मार्ग शोधायच्या पद्धतीत) कीलखालचं पाणी कमी तितकी किंमत जास्त. थोड्या बॉट कप्तानांना भरतीचा नकाशा द्या. ते पाठलागात हावरटपणा करून रुततात आणि खेळाडूंना त्यांना गाठायला मजा येते.

बिल्ड सोडण्याआधी दोन चाचण्या आपोआप चालल्या पाहिजेत. पहिली: प्रत्येक ड्राफ्टसाठी ओहोटीच्या पातळीवर बंदरापासून फ्लड-फिल करा (जोडलेली सगळी घरं भरत जा). पाणी पुरेसं आहे पण बंदराशी जोडलेलं नाही असं प्रत्येक डबकं यादीत आलं पाहिजे. त्यातली जी तुम्ही मुद्दाम ठेवलेली नाहीत ती बुजवा. तिथेच जहाज स्पॉन होणं (गेममध्ये प्रकट होणं) हा सर्वांत लाजिरवाणा बग असतो. दुसरी: रात्रभर हेडलेस (चित्र न दाखवणाऱ्या) सर्व्हरवर बॉट सोडा आणि कुठलंही जहाज डेकच्या उंचीपेक्षा वर गेलं, किंवा दहा मिनिटांहून जास्त "रुतलंय" राहिलं, की नोंद करा.

खऱ्या खेळाडूंच्या प्रत्येक रुतण्याची एक ओळ लॉगमध्ये ठेवा: जागा, ड्राफ्ट, वेग, भरतीची पातळी, सूर्याची दिशा, शेवटचा गोळा किती सेकंदांपूर्वी टाकला, डोलकाठीवर कुणी होतं का. आठवड्याने नकाशावर ठिपके टाका. एका जागी ठिपक्यांची गर्दी आणि त्यांतल्या बहुतेकांनी गोळा टाकलेला असेल, तर चूक टेरेनची आहे, तिथला चढ मोजा. गोळा टाकलेलाच नसेल आणि वेग 7-8 नॉट असेल, तर तो दांडा आहे तसा राहू द्या.